सख्खे भाऊ, एक तासगावात आणि एक शिकागोजवळ : परदेशात आल्यावर आपल्या हृदयाचं नेमकं काय होतं?

कृष्णाकाठची

गेली दहा-बारा वर्षं मी इथे फक्त वाचत आले. आज लिहायला बसले, कारण फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला आणि तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यातून जात नाही.

वय ४६. उंची ५ फूट ७ इंच, वजन ७० किलो. सिगरेट नाही, दारू नाही. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, येऊन १७ वर्षं झाली. त्या सकाळी तो ड्राइव्हवेतला बर्फ काढून आत आला आणि म्हणाला, पित्त झालंय. मी आल्याचा रस आणि मध दिला. अर्ध्या तासाने दरदरून घाम फुटला, जबडा दुखायला लागला, तेव्हा ९११ ला फोन केला. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बंद होती. स्टेंट टाकला. आता बरा आहे, कामावरही जातो. तो अर्धा तास मात्र मला अजून झोपू देत नाही.

ऑक्टोबरमध्येच त्याची वार्षिक तपासणी झाली होती. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४.२, त्यापुढे हिरव्या अक्षरांत 'नॉर्मल'. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.३, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. यावर 'लक्ष ठेवू' एवढंच सांगितलं गेलं. आम्हीही निश्चिंत झालो, कारण दिसायला तो सडपातळ. पोट थोडं सुटलंय, पण चाळिशीनंतर कोणाचं सुटत नाही, असं वाटायचं.

माझे मोठे दीर ५१ वर्षांचे आहेत, तासगावला द्राक्षबाग सांभाळतात. तेच आईवडील, अठरा वर्षं एकाच घरातलं जेवण. दादा जेवायला याच्या दुप्पट. त्यांना काही नाही आणि याला हे का झालं? लोक म्हणतात 'अमेरिकेतलं खाणं'. पण आमच्या घरी रोज पोळी-भाजी-वरण-भातच असतो. बर्गर आम्ही वर्षातून चारदा खात असू. मग बदललं काय?

मी मांडून बघितलं. तासगावात पुरणपोळी होळीला, चकली दिवाळीला, श्रीखंड पाडव्याला. इथे दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण, आणि ज्याच्या घरी जेवण तो सणाचंच करणार. आपल्या माणसांना भेटायची तीच एक जागा असते, रिकाम्या हाताने कोण जाईल? म्हणजे वर्षाचे बारा सण आम्ही वर्षाला पन्नास केले. आठवड्यात रात्री दहाला भारतातल्या टीमबरोबर कॉल, म्हणून जेवण साडेनऊला घाईघाईत. दूध आणायलाही गाडी. नोव्हेंबर ते मार्च पावलं मोजली तर घरातलीच.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं घडलंय का? डॉक्टर मंडळी असतील तर कृपया सविस्तर लिहा.

लेस्टरवासी

ताई, वाचून गलबललं. ते बरे आहेत हे महत्त्वाचं.

तुम्ही जो प्रश्न विचारलात, अगदी तोच प्रश्न घेऊन इंग्लंडमध्ये एक अभ्यास झाला होता. पश्चिम लंडनमध्ये स्थायिक झालेले पंजाबी आणि त्यांचीच भारतात राहिलेली सख्खी भावंडं, अशी तुलना. १९९५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. लंडनच्या भावंडांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि उपाशीपोटीची साखर गावाकडच्यांपेक्षा जास्त. चांगलं म्हणतात ते एचडीएल कमी. मात्र एक गोष्ट दोघांत सारखीच निघाली : लायपोप्रोटीन-ए. तो रक्तातला एक कोलेस्टेरॉलवाहक कण आहे, आणि तो दोन्ही भावंडांत गोऱ्या लोकांपेक्षा जास्त होता. देश बदलला तरी तो बदलला नाही, कारण तो आईबापांकडून येतो.

म्हणजे काही बरोबर आणलेलं आणि काही इथे मिळालेलं. दोन्ही एकत्र आलं की आपलं कठीण होतं.

आमच्या लेस्टरमध्ये १९७२ नंतर युगांडातून आलेली गुजराती कुटुंबं खूप आहेत. माझ्या शेजारच्या गुजराती आजींच्या घरी तीन पिढ्यांत एकही पुरुष मधुमेहाशिवाय साठीला पोचलेला नाही. त्यामुळे इथल्या जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, आपल्या लोकांची सवय झाली आहे. ४० ते ७४ वयात दर पाच वर्षांनी मोफत तपासणीला बोलावतात आणि हृदयविकाराचा धोका मोजायचं जे गणित वापरतात त्यात इंडियन, पाकिस्तानी, बांगलादेशी असे रकानेच आहेत. तो रकाना भरला की आकडा वर जातो.

डॉ_पायवाट

मी अमेरिकेतच इंटर्नल मेडिसिनमध्ये आहे. इथे लिहितो ती माहिती समजा, उपचार तुमच्या कार्डिऑलॉजिस्टच्या सल्ल्यानेच.

कृष्णाकाठची, तो हिरवा 'नॉर्मल' आपल्यासाठी बनलेला नाही. बीएमआय २५ पर्यंत ठीक ही रेघ प्रामुख्याने युरोपीय शरीरांवरून आखली गेली. आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये सुचवलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१५ पासून आशियाई लोकांची मधुमेह तपासणी २३ पासून करा असं सांगितलं आहे. २४.२ वर त्यांची घंटा वाजायला हवी होती. कमरेचं माप कुणी घेतलं का? आपल्या पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ही मर्यादा आहे. साधी शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून.

याचं मूळ समजायला पुण्यालाच जावं लागतं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः वजनाने कमी, हातपाय बारीक, स्नायू कमी, पण चरबी मात्र टिकवून ठेवलेली. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं बाळ. पुढे २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा एक फोटो आला : ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मी रुग्णांना समजावताना याच दोन आकड्यांपासून सुरुवात करतो, वेगळं काही सांगावं लागत नाही.

ही चरबी पोटात, यकृताभोवती बसते. तिच्यामुळे इन्सुलिन असूनही ते नीट काम करत नाही, ट्रायग्लिसराइड वाढतं, एचडीएल घसरतं. तुमच्या यजमानांचे ऑक्टोबरचे तिन्ही आकडे हेच ओरडून सांगत होते.

नवीन_ह१बी

डॉक्टर, माझं वय ३१, येऊन दोन वर्षं झाली. वजन ११ किलो वाढलंय. आत्ताच काय तपासून घ्यावं?

डॉ_पायवाट

उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी, लिपिड, रक्तदाब, कंबर. आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए, जे नेहमीच्या लिपिड तपासणीत येत नाही, वेगळं मागावं लागतं. ते डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या सगळ्या गोष्टी जास्त कडकपणे सांभाळाव्या लागतात. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शक तत्त्वांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून स्पष्ट लिहिला आहे. तुमच्या डॉक्टरांना हे वाक्य सांगा. त्यात उद्धटपणा काही नाही. अकरा किलोपैकी पहिले पाच उतरले तरी आकडे बदलतात.

सिंहगड_रस्ता

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. 'गाव म्हणजे आरोग्य आणि परदेश म्हणजे रोग' हे चित्र आता जुनं झालंय.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मधल्या देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह निघाला. सगळ्यात वर आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के. आणि याहून डोळे उघडणारी गोष्ट म्हणजे चेन्नईतल्या लोकांची अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांशी केलेली तुलना. वयाचा फरक काढून टाकल्यावर मधुमेह चेन्नईत ३८ टक्के आणि अमेरिकेत २४. उलट मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले अमेरिकेत जास्त, ३३ टक्के, चेन्नईत २४. म्हणजे निदान आजच्या शहरी भारतापेक्षा तुम्ही तिकडे वाईट स्थितीत आहात असं म्हणता येत नाही. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरून दुधाची पिशवीसुद्धा ॲपवरून येते.

आणि ताई, दादांची शेवटची रक्ततपासणी कधी झाली? 'त्यांना काही नाही' हे कुणी तपासून सांगितलंय का?

कृष्णाकाठची

@सिंहगड_रस्ता, राग कसला. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी हबकले. दादांची रक्ततपासणी कधीच झालेली नाही. आज वहिनींशी बोलते.

@डॉ_पायवाट, टेपने मोजलं. ९४ सेंटिमीटर.

बे_एरियातली_आजी

माझी मुलगी आणि जावई इथे, मी दरवर्षी सहा महिने येते. मसाला नावाचा एक मोठा अभ्यास इथे २०१० पासून चालू आहे. आपल्या लोकांवरचाच, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे आणि शिकागोचे मिळून सुरुवातीला ९०६ जण होते. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटात एका डॉक्टरणीने त्याबद्दल सांगितलं, तेव्हा मी वहीत उतरवून घेतलं होतं, ते इथे लिहिते.

त्यांनी आपल्या लोकांच्या खाण्याच्या सवयींतून तीन तऱ्हा काढल्या. एक मांसाहाराकडे झुकणारी, दुसरी तळलेलं, गोड आणि साईच्या दुधदुभत्याची, तिसरी फळं, भाज्या, दाणे आणि कडधान्यांची. दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांत इन्सुलिन जास्त निकामी आणि एचडीएल कमी. तिसऱ्यांत रक्तदाब आणि चयापचयाचे विकार कमी. लक्षात घ्या, ही दुसरी तऱ्हा अमेरिकन नाहीच. ती आपलीच आहे. आपलं फराळाचं ताट आहे. शाकाहारी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो.

माझ्या आईच्या घरी तूप वरणावर चमचाभर पडायचं, कारण होतंच तेवढं. इथे किलोकिलोच्या बरण्या येतात. आठवणीने हात मोकळा सुटतो. मुलगी म्हणते, आई, तुझ्यासारखी आमटी होत नाही. होत नाही, कारण ती गोडा मसाल्याची कमी तूप-तेलाने भरून काढते.

कृष्णाकाठची, बाळा, त्या आल्याच्या रसाचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या घरीही असंच झालं होतं. आमच्याकडे तर कुणी फोनही केला नाही.

कृष्णाकाठची

आजी... तुमचं शेवटचं वाक्य वाचून खूप वेळ बसून राहिले. नमस्कार करते तुम्हाला.

दापोली_ते_दोहा

इथे सगळे अमेरिका-इंग्लंडचं लिहितायत म्हणून आखाताचं लिहितो. आम्ही खोलीत सहाजण. एकच शेगडी, दोन पाळ्या. पहाटे चारला बस, म्हणून रात्रीच करून ठेवलेला भात आणि करी, सोबत खबूस (अरबी रोटी). उन्हात काम, तहान लागली की थंड पेय, कारण ते पाण्यासारखंच स्वस्त आणि साखरेने तरतरी येते. घाम इतका की वाटतं सगळं जळून जातंय. दोन वर्षांनी सुट्टीवर गावी गेलो तेव्हा दाखवायला म्हणून बीपी मोजलं, १६० बाय १००. वय ३८.

परदेशातल्या माणसाचा ताण म्हणतात, तो आमच्याकडे असा असतो : मुलगी आजारी पडली की व्हिडिओवर बघायची. पैसे पाठवायचे आणि 'मी मजेत आहे' म्हणायचं. गोळी चालू केली आहे. थंड पेय सोडलं, ताक करतो. खोलीतल्या दोघांनीही सोडलं. बीपी मोजायचं मशीन सहाजणांत मिळून घेतलंय, शुक्रवारी सकाळी सगळे हात पुढे करतात.

लेस्टरवासी

@दापोली_ते_दोहा, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सर्वांत मोलाचा आहे.

मूळचा_भुसावळचा

इथवर सगळं खाणं, कंबर, साखर. मी समाजशास्त्राचा विद्यार्थी होतो, म्हणून दुसरं एक जोडतो.

हृदय आणि स्थलांतर यांवरचा सर्वांत गाजलेला अभ्यास आपल्यावरचा नाही, जपान्यांवरचा आहे. एकाच रक्ताची माणसं तीन ठिकाणी : हिरोशिमा-नागासाकी, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को. हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत जास्त, कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. इथवर अपेक्षितच. पण मायकेल मार्मट आणि लेनर्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या ३,८०९ जपानी लोकांत आणखी खोल बघितलं आणि १९७६ मध्ये मांडलं. जे जपानी पद्धतीच्या घट्ट समाजात वाढले आणि राहिले त्यांच्यात हृदयविकार जवळजवळ जपानइतकाच कमी. जे त्या समाजातून सर्वाधिक सुटे झाले त्यांच्यात तिपटीपासून पाचपटीपर्यंत. आहार, सिगरेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सगळ्यांचा हिशेब लावूनही हा फरक पूर्ण सुटला नाही.

म्हणून ताई, तुमच्या शनिवारच्या जेवणांना मी नुसतं दोषी धरणार नाही. त्यातलं जेवण बदलायला हवं, शनिवार नको मोडायला.

सिंहगड_रस्ता

पण आजींनी सांगितलेल्या अभ्यासाप्रमाणे तर आपलीच तऱ्हा नडते आहे. मग 'आपला समाज' टिकवला तर ताटही टिकणार ना?

मूळचा_भुसावळचा

प्रश्न रास्त आहे. मला वाटतं आपण समाजातलं नेमकं सणाचं ताट तेवढं बरोबर नेलं, बाकीचं मागे ठेवलं. एकादशीची लंघनं, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, संध्याकाळी देवळापर्यंत चालणं, दारात उभं राहून शेजारणीशी बोलणं, यातलं काही बॅगेत भरता आलं नाही. चकलीचा सोऱ्या मात्र आला. जपानी लोकांच्या त्या घट्ट समाजात फक्त जेवण नव्हतं, रोजची माणसं होती.

मॉरिशसहून_परत

दोन वर्षं कामानिमित्त मॉरिशसला होते. तिथे मराठी माणसांची वस्ती एकोणिसाव्या शतकातली, गणपती आणि काकडआरती अजून चालू. मधुमेहाचं प्रमाणही खूप. पण तिथल्या सरकारने १९८७ मध्ये एक काम केलं. रेशनवर मिळणारं स्वस्त तेल मुख्यतः पामतेल होतं, ते बदलून सोयाबीनचं केलं. पाच वर्षांत लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर आलं, म्हणजे आपल्या मापात साधारण २१३ वरून १८२. कोणालाही पथ्य सांगावं लागलं नाही. वजन आणि साखर मात्र त्याने कमी झाली नाही, हेही खरं.

हे आठवलं कारण आपल्या मंडळांत दोनशे माणसांचं जेवण एकच समिती ठरवते. ती समिती म्हणजे आपलं छोटं सरकारच आहे.

एच४_वाली

मला एक सांगायचंय, जे कोणी लिहिलं नाही. या धाग्यात सगळे नवऱ्यांचे रिपोर्ट आहेत. मी आठ वर्षं डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने, होते, काम करायची परवानगी नव्हती. उपनगरात घर, गाडी नवरा घेऊन जायचा. दिवसभर कुणाशी बोलणं नाही. दुपारी खायचं ते उभ्याने, मुलांच्या ताटातलं उरलेलं. गरोदरपणात साखर निघाली, बाळंतपणानंतर 'गेली' म्हणाले, मीही विसरले. कुणी सांगितलं नाही की अशा बायकांनी पुढे नियमित तपासत राहायचं असतं. सात वर्षांनी एचबीएवनसी ८.२ निघालं.

बायांनो, गरोदरपणात साखर निघाली असेल तर पुन्हा तपासून घ्या. नवऱ्याची अपॉइंटमेंट घेताना शेजारची स्वतःसाठी घ्या.

डॉ_पायवाट

एच४_वाली यांनी लिहिलंय ते सोनं आहे. गर्भारपणातल्या मधुमेहानंतर बाळंतपण झाल्यावर ४ ते १२ आठवड्यांत एकदा, आणि पुढे आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी तपासणी. त्या बायकांत हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो.

कृष्णाकाठची, यजमानांचं लायपोप्रोटीन-ए केलं का?

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी धागा वर काढते आहे.

याचं लायपोप्रोटीन-ए ११२ मिलिग्रॅम आलं. मग लेस्टरवासींनी लिहिलेली भावंडांची गोष्ट मी वहिनींना फोनवर वाचून दाखवली. दादा आधी तयारच नव्हते, 'छाटणीच्या दिवसांत कुठं मिरजेला जायचं' म्हणाले. वहिनी त्यांना पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी घेऊन गेल्या. लायपोप्रोटीन-ए १०४. आणि एचबीएवनसी ७.१. बागेत राबणाऱ्या, आजवर एक गोळी न घेतलेल्या माणसाला मधुमेह होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. सिंहगड_रस्ता, तुम्ही तो प्रश्न विचारला नसता तर अजूनही कळलं नसतं. दादांचा रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड मात्र याच्यापेक्षा खूपच बरं आहे. बहुतेक चालण्याने. आता चालणंही कमी झालंय, बागेपर्यंत मोटरसायकलच असते.

दादांचा दिवसाला सात-आठ कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, हे हिशेबातच नव्हतं.

आमच्या शनिवारच्या गटात मी हा सगळा धागा वाचून दाखवला. सहा कुटुंबं आहोत. ठरलं असं की जेवण सहाला, एकच गोड, तळलेलं सणालाच, आणि जेवणाआधी सगळ्यांनी तळ्याभोवती एक फेरी. गेल्या शनिवारी पिठलं, ज्वारीच्या भाकऱ्या, मेथी आणि काकडीची कोशिंबीर होती. भाकरी थापणारी मी एकटीच होते, आता दोघी शिकतायत. गटातल्या चार पुरुषांनी कंबर मोजली, तिघे नव्वदच्या वर.

आणि हे दोघे भाऊ. आमच्याकडे रात्री आठ वाजतात तेव्हा तासगावात सकाळचे साडेसहा. फोन कानाला लावून दोघं एकाच वेळी चालतात, चाळीस मिनिटं. हा तळ्याकाठी, दादा बागेच्या बांधावर. बोलणं सगळं बेदाण्याच्या भावाचं आणि लहानपणच्या विहिरीचं.

नवीन_ह१बी

सगळ्यांचे आभार. तपासणीची तारीख घेतली, येत्या गुरुवारची. कंबर आत्ताच मोजली, ९६.